मी मननाला बसले आणि सावंतकाकू दाराशी

गेल्या आठवड्यात बुधवारी मी रजा टाकली… अर्ध्या तासासाठी. लालबागच्या आमच्या बिल्डिंगमध्ये अर्धा तास शांत बसायचं तर अख्ख्या दिवसाची रजा लागते.

झालं असं, की त्याच रविवारी चर्चच्या महिला मंडळात छोटंसं मनन द्यायची पाळी माझी होती. दोनदा मी ती दुसरीच्या गळ्यात मारली होती… एकदा ऑडिटचं कारण, एकदा घशाचं. या वेळी नाही जमलं तर तुमचं नाव काढून टाकू, असं पाळकसाहेबांनी हसत हसत सांगितलं होतं, पण सांगितलं होतं.

खरं कारण वेगळंच होतं. कित्येक महिन्यांत मी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून निवांत बसलेच नव्हते. सकाळी ग्रुपवर वचन येतं, मी एका हाताने पोहे परतते, दुसऱ्या हाताने नमस्काराची इमोजी टाकते… झालं मनन! आतून पार कोरडी पडले होते मी, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

प्रयत्न केले नाहीत असं नाही हं. पहाटे उठले तर नळाला पाणी, म्हणजे बादल्या. बसमध्ये डोळे मिटले तर थेट डेपोत जाग आली. ऑफिसात लंच टाइमला डोळे मिटून बसले, तर शेजारच्या मॅडमनी माझ्या कपाळाला बाम चोळायला घेतला.

हे रडगाणं मी शेजारच्या सावंतकाकूंपुढे गायले. काकू मूळच्या मालवणच्या, दर श्रावणात पोथी वाचतात. त्या पोथीला बसल्या की मधे उठत नाहीत, बोलत नाहीत आणि अख्खा मजला चपला हातात घेऊन चालतो.

"किती अध्याय गो तुजे?"

"एकच उतारा, काकू. चार-पाच ओळींचा."

"पाच ओळींक अर्धो तास? तुका वाचूक येता मां?"

मनन म्हणजे तेच ते मनात घोळवत बसायचं, हे मी समजावलं. काकूंनी मान डोलावली आणि निकाल दिला, "तू बस. मी दाराक बसतंय. कोणाक आत सोडूचंय नाय." माझा फोनही त्यांनी जप्त केला.

तर बुधवारी मी आत, दार लोटलेलं, आणि बाहेर स्टुलावर काकू… मांडीवर भिजवलेल्या वालांची परात, सोलायला. उतारा दोन बहिणींचा. प्रभू घरी आलाय, एक बहीण त्याच्या पायाशी बसून ऐकतेय, दुसरी स्वयंपाकघरात राबतेय आणि कुरकुरतेय.

पहिली ओळ वाचली आणि गॅसवाला आला. काकूंनी परत पाठवला! आमचा सिलिंडर सकाळपासून शेवटच्या घटका मोजत होता हो… मी दात-ओठ खात दुसरी ओळ वाचली.

मग नवरा आला, बाजारातून बांगडे घेऊन. त्याची सेकंड शिफ्ट असते. "काकू, हे माझंच घर आहे," असं तो म्हणाला. "आसांदे. जिन्यार बस," असं उत्तर आलं आणि तो बसला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं तरी त्याने इतकं कधी ऐकलेलं नाही.

आणि मग जो आवाज आला, तो मी झोपेतही ओळखला असता. पाळकसाहेब! फोन केला तर कुणीतरी कट केला, म्हणून रविवारचं नक्की का ते विचारायला स्वतः आले होते.

"आता नाय. बाय पोथीक बसलीहा."

"अहो, मी त्यांचा पाळक…"

"आसशात. देव इलो तरी तेका भायर बसवीन."

आता आली का पंचाईत! उठावं तर काकूंचा अपमान, न उठावं तर पाळकसाहेब समजणार की ही बाई तिसऱ्यांदा टाळतेय. मी अर्धी उठलेसुद्धा. मग वाटलं, उठून मी काय करणार? चहा टाकणार, माफी मागणार, धावपळ करणार. म्हणजे मी तेच करणार, जे मी रोज करते.

बसले. खरंच बसले. किती वेळ ते माहीत नाही, पण डोळ्यांतून पाणी आलं आणि फार बरं वाटलं.

दार उघडलं तर बाहेर पाळकसाहेब, नवरा आणि काकू, तिघंही वाल सोलतायत… आणि बांगड्यांच्या पिशवीसमोर मांजर. "रविवारचं नक्की," मी आधी सांगून टाकलं.

"काय वाचलंस?" काकूंनी विचारलं. मी दोन्ही बहिणींची गोष्ट सांगितली. काकू वाल सोलता सोलता ऐकत होत्या.

"बरा. मगे जेवान कोणी केल्यान?"

पाळकसाहेबांनी हातातला वाल परातीत टाकला. "ते लिहिलेलं नाही, काकू."

"लिवूचा ऱ्हवला आसतला," काकू म्हणाल्या आणि परात घेऊन उठल्या. बांगडे त्यांच्याच गॅसवर झाले, आमचा तोवर संपला होता. पाळकसाहेब जेवूनच गेले.

रविवारी मनन दिलं. बायकांनी विचारलं, घरात एवढी शांतता मिळाली कशी? मी सांगितलं, मिळाली नाही, सावंतकाकूंनी दिली. मी आत प्रभूच्या पायाशी होते तेव्हा माझ्या वाटणीचं जग त्या दाराबाहेर थोपवून बसल्या होत्या. इतकी वर्षं वेळ दे म्हणून प्रार्थना करत होते… त्याने वेळ नाही दिला, शेजार दिला. थँक्यू, काकू.