नातीला न घेणाऱ्या सरूबाई

मढच्या कोळीवाड्यातील सरूबाईंविषयी लिहिण्याचे मी बराच काळ टाळले. औषधाच्या खिडकीवर कळलेली गोष्ट खिडकीबाहेर जाऊ द्यायची नाही, हा दंडक मी नोकरीभर पाळला होता. अखेर त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "लिवा की. पन नाव माजंच घाला, नायतर दुसऱ्या कुना बाईवर संशय जायाचा." तेव्हा हे लेखन त्यांच्या संमतीने.

अंधेरी पश्चिमेच्या एका सरकारी दवाखान्यात मी औषधनिर्माता होतो; सरूबाई मला आजही कंपाउंडर म्हणतात. त्या सकाळच्या फेरीबोटीने वर्सोव्याला उतरत, बाजारात मासळी विकत आणि पाटी रिकामी झाली की परतत. करोनाची साथ ओसरल्यानंतरच्या वर्षी त्या पहिल्यांदा दवाखान्यात आल्या. अंगावरून जात होते, लघवीला जळजळ होती. डॉक्टर श्वेता यांनी तपासण्या करून स्पष्ट सांगितले, की हा शरीरसंबंधातून होणारा संसर्ग आहे, तो पतीकडून आलेला दिसतो आणि औषध दोघांनाही घ्यावे लागेल.

अशा वेळी पुष्कळ बायका मान खाली घालून निघून गेलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. सरूबाई मात्र दुसऱ्याच दिवशी पतीला, बळवंतला, घेऊन हजर झाल्या.

"मना काय झालेलं नाय," बळवंत खिडकीशी पुटपुटला.

"नाय ना? मंग गोळ्या खा, काय बिघडत नाय. आनि झालं आसंल तर मी हाय इथं उभी."

रांगेत हशा पिकला. बळवंतने गोळ्या तिथेच, सरूबाईंच्या देखत घेतल्या. पुढे त्या दोघांत घरी काय झाले, ते लिहू नका असे सरूबाईंनी बजावले आहे. म्हणून लिहीत नाही.

औषधे पूर्ण झाली. नंतरच्या तपासणीत दोघांतही संसर्ग उरलेला नव्हता. तरीही सरूबाईंची जळजळ थांबेना. रोग आत दडून बसला आहे, अशी त्यांची खात्री झाली आणि त्या वरचेवर खिडकीवर येऊ लागल्या.

"तीच गोळी परत द्या."

"डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणार नाही."

"माज्याकडं बोंबील घेताना घासाघीस करता, आनि इथं एकदम हरिश्चंद्र?"

याच सुमारास त्यांची सून भाविका बाळंत झाली. घरात पहिली नात आली. बाळाला लस टोचायला भाविका आमच्याकडेच येई. एकदा रांगेत उभी असताना, शेजारणीला सांगावे तसे तिने मला सांगितले, "आमच्या आईंना नातू पायजे होता. पोरीला बोट लावत नाहीत. दारात उभ्या राहून बघतात आणि वळतात. माहेरी माझी आई काय म्हणेल, सांगा."

खरे कारण माझ्या त्याच क्षणी ध्यानात आले. परंतु ते सांगण्याचा अधिकार मला नव्हता. सरूबाई पुन्हा आल्या तेव्हा, सुनेने चारचौघांत जे म्हटले होते, तेवढेच मी त्यांच्या कानावर घातले.

त्यांनी डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "मना पोर नको? आवो, तिला घ्यावं म्हनून हात शिवशिवतात माजे. पन माजं तिच्या अंगाला लागलं तर?"

मी त्यांना डॉक्टर श्वेतांकडे पाठवले. सरूबाईंच्याच आग्रहाने मीही आत गेलो. डॉक्टरांनी पुन्हा तपासले आणि विचारले, "घरी काही उपाय करता का?"

"करते ना. बालदीत मूठमूठ मीठ घालून सकाळ-संध्याकाळ बसते. मिठानं काय कुजत नाय."

"सरूबाई, तुम्ही मीठ लावता ती मासळी जिवंत असते की मेलेली?"

"मेलेली."

मग त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. "म्हंजे मी सोताचंच सुकट करत व्हते."

डॉक्टरांनी समजावले: संसर्ग गेला आहे. जळते ते मिठाने सोललेल्या नाजूक कातडीमुळे. साधे पाणी पुरे, काही आठवड्यांत आराम पडेल. शिवाय मांडीवर घेतल्याने किंवा न्हाऊ घातल्याने हा रोग बाळाला लागत नाही. अंगात रोग असता, तरीही लागला नसता.

सरूबाईंविषयी मला विशेष आदर वाटतो तो यापुढच्या गोष्टीसाठी. डॉक्टरांचे म्हणणे त्यांना पटले होते, पण भीती गेली नव्हती. जळजळ तर होतीच. ती थांबेपर्यंत वाट पाहिली असती, तर कोणी बोल लावला नसता. त्या मात्र त्याच दुपारी घरी गेल्या आणि सुनेला समोर बसवून, बळवंतच्या वागण्यासकट, सारे सांगून टाकले. सासूने सुनेला सांगण्याजोगी ही गोष्ट नव्हे. पण आपल्या मौनाचा अर्थ त्या पोरीने 'मुलगी नको' असा लावला आहे, हे त्यांना सहन होईना.

पुढचे भाविकाने मला सांगितले. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मी इकडे तुमच्यावर रुसून बसले आणि तुम्ही तिकडे बालदीत बसलेल्या. आई, आधी बोलायचं ना."

तिने मुलगी पुढे केली. सरूबाई मागे सरकल्या. "थांब गो, हात धुवून येते."

"आता धुणं पुरे. घ्या."

त्यांनी घेतली. मग दूध पाजायची वेळ झाली तरी त्यांनी मुलगी सोडली नाही.

जळजळ हळूहळू थांबली. धास्ती मात्र अधूनमधून उसळे. उन्हाळ्यात जरा खाज सुटली, की सरूबाई खिडकीवर येत. "कंपाउंडर, परत तसं वाटतंय."

"मीठ?"

"नाय, शपथ."

"मग डॉक्टरांना दाखवा."

त्या रांगेत जाऊन उभ्या राहत, कडेवर नात घेऊन.