उर्वशीच्या डोक्यावरचं विमान

उर्वशी ताजणे पायलट व्हायला निघाली तेव्हा कोरपन्याकडच्या तिच्या गावात पुष्कळांना वाटलं, पोरगी विमानात चहा वाटायला चालली. तिची आई रंभाबाई विहिरीवर, किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत एकेकाला सांगत बसायची, "चहा वाटत नाई जी, विमान चालवते." बाप देवाजी कापूस पिकवणारा माणूस. तो कोणाला काही सांगायचा नाही. पण शेतावरून विमान गेलं की हातातलं काम थांबवून ते दिसेनासं होईपर्यंत मान वर करून बघायचा.

फ्लाइंग क्लबची धावपट्टी जिल्ह्यातच होती. वर्षभरात उर्वशी एकटीने विमान उडवू लागली होती, तरी देवाजीने तिला कधी उडवताना पाहिलं नव्हतं. कधी वेचणी, कधी फवारणी. शेवटी तीच म्हणाली, "बाबा, सोमवारी सकाळी या. सकाळी हवा शांत राह्यते."

तो आला. गाडी कडुलिंबाखाली लावून काटेरी तारेच्या कुंपणाशी उभा राहिला. ते छोटं पांढरं विमान पळत जाऊन वर उठलं, तेव्हा त्याने तार घट्ट धरली आणि काटा रुतलेला त्याला कळलाही नाही.

त्या धावपट्टीला विमानांना सूचना देणारा टॉवर नव्हता. कोण कुठे आहे हे प्रत्येकाने रेडिओवर सांगायचं आणि बाकीच्यांनी डोळे उघडे ठेवायचे, एवढीच पद्धत. उर्वशीने दोन फेऱ्या मारल्या, तिसऱ्यांदा उतरण्यासाठी वळली आणि तसं रेडिओवर सांगितलं. सूर्य तिच्या पाठीमागे होता, समोर धावपट्टी. खाली तुरीचं शेत, पलीकडे नाला. सगळं रोजच्यासारखं.

त्याच वेळी बाहेरगावचं एक विमान त्याच धावपट्टीकडे, त्याच वाटेने, तिच्यापेक्षा थोडं वरून उतरत येत होतं. तिच्या विमानाचे पंख तिच्या डोक्यावर, त्यामुळे तिला वरचं दिसत नव्हतं. त्या विमानाचे पंख पायलटच्या खाली, त्यामुळे त्याला खालचं दिसत नव्हतं. दोघंही एकाच ठिकाणी पोहोचायला निघाले होते.

खाली मैदानात इन्स्ट्रक्टर मडावी सरांना ते दिसलं. ते रेडिओवर ओरडले, "गो अराउंड! गो अराउंड!"

याचा अर्थ, उतरू नको, वर जा. उर्वशीचा हात थ्रॉटलवर, इंजिनचा जोर वाढवणाऱ्या दांड्यावर गेला. इतक्या वेळा घोटून घेतलेली गोष्ट, विचार करावा लागत नाही. तिने थ्रॉटल लोटलं, नाक उचलणार, इतक्यात समोर तुरीच्या शेतावर तिला आपल्या विमानाची सावली धावताना दिसली. आणि तिच्या अंगावर चढत आलेली दुसरी सावली.

ती पुढे कधीकधी सांगायची, "मले काई समजलं नोतं. फक्त एवढं समजलं का त्यातली एकच सावली माही आहे."

तिने नाक खाली दाबलं आणि विमान उजवीकडे आडवं टाकलं. पंख कलला तसं वरचं आभाळ उघडं पडलं आणि ते तिच्या डोक्यावर होतं. विमानाचं पोट. दोन काळी चाकं. मागपर्यंत गेलेला तेलाचा ओघळ. हात वर केला असता तर लागला असता, असं तिला वाटलं. मग ते पुढे सरकलं आणि आरामात धावपट्टीवर उतरलं.

कुंपणापाशी उभ्या देवाजीला मात्र दोन विमानं एकात एक शिरलेली दिसली. तो खाली बसला. पुन्हा वर पाहिलं तेव्हा पांढरं विमान नाल्यावरून वळसा घेत होतं. ते खरंच आहे की आपल्याला भास होतोय, हे त्याला ठरवता येईना.

उर्वशी उतरली. विमान दोनदा आपटून उसळलं, पण उतरलं. बाजूला घेऊन तिने इंजिन बंद केलं आणि तशीच बसून राहिली. देवाजी कुंपण ओलांडून पळत आला. तारेत अडकून त्याची पँट गुडघ्यापाशी फाटली होती.

"उतर, बाई. खाली उतर."

"उतरता नाई येऊन राह्यलं, बाबा."

पट्टा सोडायला तिची बोटं वळत नव्हती. देवाजीला तो कसा सोडतात ते ठाऊक नव्हतं. तो नुसताच ओढत होता. शेवटी मडावी सरांनी हात घालून खटका उघडला. ते म्हणाले, "उर्वशी, मी वरच्याला सांगत होतो. तुझं नाव नव्हतं घेतलं. दोघांपैकी कोणाचंच नव्हतं घेतलं."

वर गेली असती तर काय झालं असतं, हे तेव्हा पहिल्यांदा तिच्या डोक्यात शिरलं, आणि ती विमानातून उतरून तिथेच जमिनीवर बसली.

एवढ्यात त्या दुसऱ्या विमानाचा पायलट चालत आला. आदेश नाव, तिशीतला, हसतमुख. "गुड मॉर्निंग. इथं पाणी मिळेल का कुठं?"



"तुमच्या खाली विमान होतं," मडावी सर म्हणाले.

"कुठलं विमान?"

सरांनी बोट दाखवलं. आदेशने ते विमान पाहिलं, जमिनीवर बसलेली मुलगी पाहिली, फाटक्या पँटीतला तिचा बाप पाहिला. त्याचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं, काढायचं विसरल्यासारखं. धावत आपल्या विमानाकडे जाऊन त्याने रेडिओ तपासला. फ्रिक्वेन्सीचा एक आकडा चुकला होता. तो सबंध वेळ भलत्याच फ्रिक्वेन्सीवर बोलत होता, आणि इथलं कोणाचंच त्याला ऐकू आलं नव्हतं. परत आला तो देवाजीसमोर हात जोडून उभा राहिला. देवाजीनेच त्याला पाण्याची बाटली दिली. का दिली, ते त्याला अजूनही सांगता येत नाही.

पुढे चौकशी झाली. आदेशचं उड्डाण काही काळ बंद राहिलं. बापलेकींनी मात्र त्या दिवशी परतीच्या वाटेतच ठरवलं, घरी बोलायचं नाही. ते चार दिवस टिकलं. रंभाबाईला बाजारात कोणीतरी विचारलं, "पोरगी वाचली म्हनतेत?" ती भाजी न घेताच घरी आली.

"तुम्ही दोघंही माह्या हातचं जेवत होते," ती म्हणाली, "अन् मले सांगितलं नाई. काऊन?"

तीन आठवडे उर्वशी घरीच राहिली. भांडं पडलं तरी दचकायची. परत क्लबवर गेली तेव्हा मडावी सर शेजारी बसले होते, तरी उतरताना तिचे हात लाकडासारखे झाले आणि विमान सरांनाच उतरवावं लागलं. घरी येऊन तिने ते आईला जसंच्या तसं सांगितलं. रंभाबाईने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "उद्या पुना जाशीन?"

"जाईन म्हंतो."

"जा. पन आल्यावर हे असंच सांगत जाय."

ती जात राहिली. हात मोकळे व्हायला पावसाळा उजाडला. लायसन्स मिळालं. आता ती नव्या मुलांना शिकवते, आणि उतरण्याआधी पंख कलवून वर बघितल्याशिवाय कोणाला पुढे जाऊ देत नाही.

देवाजी त्यानंतर धावपट्टीवर गेला नाही. शेतावरून विमान गेलं की आता तो मान खाली घालतो, आणि आवाज पार विरेपर्यंत कापूस वेचत राहतो.