नवव्या ब्राऊनचं सारवण

जागेश्वर कारधा गावचा, दीड एकर धानाची बांधी असलेला माणूस. १९७१ साली तो एका कारखान्याच्या वसाहतीत माळी म्हणून लागला आणि त्याच्या गळ्यात पडलं गोल्फचं मैदान. साहेब लोक काठीनं चेंडू मारत नऊ भोकं फिरायचे. मोठ्या शहरांत भोकाभोवती हिरवळ असते म्हणे. इथं पाण्याची बोंब, म्हणून वाळू पसरायची आणि तिच्यावर मशीनचं जळकं तेल ओतायचं. या गोल जागेला साहेब ब्राऊन म्हणायचे. नाव मोठं, लक्षण खोटं! जागेश्वरच्या टाचांचा काळा रंग दिवाळीच्या उटण्यानंही निघत नसे.

दर हिवाळ्यात तो मोठ्या साहेबांना सांगायचा, "साहेब, खळ्यावानी सारवून पाहू ना. आमी धान चुरतो, एक दाना मातीत जात नाही. तुमचा चेंडू सरसर जाईन." साहेब हसायचे. दहा वर्षं नुसते हसले. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं? जागेश्वरचा जीव जळायचा. आपली गोष्ट एकदा तरी कोणी खरी धरावी, एवढंच त्याला हवं होतं.

१९८२च्या जानेवारीत बातमी आली. देशोदेशीच्या पोरापोरींची गोल्फ स्पर्धा कलकत्त्याला होणार होती आणि नागपूरहून तिकडे जाताना त्यांचा एक दिवसाचा खेळ याच मैदानावर ठरला होता. साहेब चार दिवस दौऱ्यावर गेले. आता नाही तर कधीच नाही, म्हणून जागेश्वरनं बायको रुखमाला आणि तिच्या दोन जावांना आणलं. नऊही ब्राऊन खरडले, पाणी मारून धुमसानं ठोकले, पांढऱ्या मातीत शेण कालवून सारवले. परदेशी पाहुणे येणार म्हणून रुखमा कडेनं रांगोळी घालायला निघाली होती. तिला त्यानं कसंबसं थांबवलं.

साहेब परतले ते खेळाच्या आदल्या दुपारी, नाकाला रुमाल लावूनच.

"विदेशी बच्चे गोबर पर खेलेंगे? दिमाग ठिकाने पर है?"

दहा वर्षं बडबडणाऱ्या जागेश्वरनं कुदळ उचलली. ज्या हातांनी ठोकले, त्याच हातांनी त्यानं आठ ब्राऊन उकरले, वाळू टाकली, तेल ओतलं. पंपघरामागचा नववा तेवढा अंधार पडल्यामुळे राहून गेला.

दुसऱ्या दिवशी व्हायचं तेच झालं. तेल मुरलंच नव्हतं. चेंडू रुतून बसले, पोरांचे पांढरे बूट बरबटले, एका पोरानं तर काठीच आपटली. जागेश्वर दातओठ खात पाहत होता. नवव्यावर मात्र चेंडू सरळ भोकाकडे गेले. श्रीलंकेची एक पोर तिथं गुडघ्यावर बसली, तिनं सारवणावरून तळवा फिरवला आणि साहेबांना काही विचारलं. साहेब हसत हसत बरंच बोलले.

कारकून मारोतराव जागेश्वरच्या कानाशी म्हणाला, "कोनं बनवलं, असं इचारलं तिनं. साहेब म्हन्ते, आमच्या इंजिनेरानं शोध लावला."

जागेश्वर चार पावलांवर उभा होता. तो पुढं झाला नाही.

घरी त्यानं हे रुखमाला सांगितलं. तिनं भाताचं ताट त्याच्यापुढं आदळलं. "आठ उकराले लावले तवा चूप. नववा नावाजला तवाबी चूप. तोंड कायले देल्लं तुमाले देवानं?"

आठवड्यानं साहेबांचा हुकूम निघाला की नऊही ब्राऊन सारवायचे आणि त्यासाठी गावच्या बाया लावायच्या.

"त्या इंजिनेराले सांगा सारवाले," रुखमा म्हणाली. जावांनाच काय, गावातल्या एकाही बाईला तिनं जाऊ दिलं नाही.

सारवणं हे बाईचं काम. कारध्यात कोणी पुरुषाला सारवताना पाहिलं नव्हतं. १९८८ला निवृत्त होईपर्यंत दर पंधरवड्याला जागेश्वर एकटाच ओणवा होऊन नऊ ब्राऊन सारवत राहिला, आणि साहेब पाहुण्यांना सांगत राहिले, हा आमचा शोध.