सहजगिरीचं सातवं प्रहसन

सदानंद पोंक्षे कोण, असं आमच्या ऑफिसात विचारलंत तर लोक म्हणतील, तो शिक्केवाला. दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत एकवीस वर्षं तो नकाशांच्या प्रती सांभाळतो. इंजिनिअरने एखादी भिंत हातभर सरकवली की नवा नकाशा निघतो. मग सूचना काढून जुन्या नकाशाच्या साइटवरच्या झाडून सगळ्या प्रती परत मागवायच्या, त्यांवर ‘रद्द’ असा लाल शिक्का मारायचा आणि यंत्रात घालून त्यांचा भुगा करायचा, हे त्याचं काम. जुनी प्रत कुणाकडे राहिली तर भिंत भलत्याच जागी उभी राहते. पण सूचना वाचतो कोण? जुने नकाशे लोक खणात दडपून ठेवतात, त्यावर डबे उघडून जेवतात, आणि सदानंद मजल्यामजल्यावर हिंडून हात पसरतो. मी त्याच कंपनीत प्लॅनिंगला आहे. मीही दोन-चार दडपलेत.

हा माणूस शनिवारी सकाळी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आपल्या फ्लॅटमध्ये अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका गोसाव्याला घेऊन बसायचा. सहजगिरी त्याचं नाव. पेशवाईत गोदाकाठच्या एका मठात राहून त्याने सात प्रहसनं लिहिली, आणि चेष्टा कुणाची केली, तर महंतांची, शिष्यांची, म्हणजे घरच्याच मंडळींची. अभ्यासकांनी त्याला ‘ग्राम्य’ म्हणून दीड ओळीत उडवून लावलंय. त्यातल्या कितीजणांनी तो वाचला असेल, देव जाणे. एका प्रहसनात मौनव्रत घेतलेला महंत खुणांनी जेवण मागतो, शिष्य त्या खुणांचे वेदान्तातले अर्थ लावत बसतात आणि महंत उपाशी राहतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पहिल्या सहा प्रहसनांच्या तीन हस्तलिखित प्रती होत्या. एक मठातली मूळ पोथी, आणि दोन मागाहूनच्या नकला, पुण्याच्या एका संग्रहातल्या. मी एका प्रतीचे फोटो मोठ्याने वाचायचो, सदानंद दुसरी समोर ठेवून पेन्सिलीने ताडून बघायचा. फरक सापडला की त्या शब्दाभोवती ढगासारखी रेघ काढायचा. नकाशातला बदल दाखवायची ही ऑफिसातली पद्धत. एका ‘परंतु’वर आम्ही अख्खा शनिवार घालवलाय. असं नऊ वर्षं चाललं. कुंदावहिनी चहा आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, ह्या ओव्हरटाइमची अरबाला कल्पना आहे का?

घोडं अडलं ते सातव्यापाशी. सातवं प्रहसन फक्त मठातल्या पोथीत होतं, आणि पोथीची शेवटची चाळीस पानं ओल लागून एकमेकांना चिकटलेली. चार वर्षांपूर्वी सदानंदाने बाकी सगळ्या पोथीचे फोटो काढले, पण त्या गठ्ठ्याचं वरचं एकच पान त्याला वाचता आलं. पानं सोडवायला जाणकार माणूस हवा. तो त्याने पुण्यात शोधला, महंतांचा होकार मिळवला, आणि मग रजा मिळेना. सलग दोन वर्षं ऐन वेळी टॉवरचं हँडओव्हर निघालं. नेक्स्ट ऑगस्ट, इन्शाल्ला, असं म्हणून मॅनेजर दोन्ही वेळा स्वतः रजेवर गेला.

तेव्हा मी शहाणपणा केला. सहा तयार आहेत ना, ती छाप, सातवं पुढच्या भागात येईल, असं त्याच्या मागे लागलो. अपुरं काम मी बाहेर देत नाही, तो म्हणाला. कंपनी रोज देते, मी म्हणालो. तो हसला आणि तयार झाला. ते वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. माझी जीभ नको तिथे चालते.

पुण्याच्या प्रकाशकाने पुस्तक देखणं काढलं. इथल्या प्रकाशनाला आलेल्या पाहुण्याने ते उघडूनही बघितलं नव्हतं. संतवाङ्मयाची थोरवी या विषयावर तो पाऊण तास बोलला. सदानंदाला त्याचं काही वाटलं नाही. त्याचं मन मठाकडे लागलं होतं. पाच प्रती त्याने कुरियरने पाठवल्या आणि सोबत पत्र लिहिलं, ते मला वाचूनही दाखवलं. पोथीला येणारेजाणारे सारखे हात लावतात, कडा झडतात, याची त्याला धास्ती. म्हणून त्याने लिहिलं, ‘यापुढे वाचनासाठी ही छापील प्रतच प्रमाण मानावी. जुन्या पोथीचा वापर बंद करावा.’ मी म्हणालो, झकास. ऑफिसची सूचना वाटते.

महिन्याभराने, दुपारच्या सुट्टीत, त्याच्या फोनवर व्हिडिओ आला. आम्ही साइट ऑफिसात जेवत होतो. टाळ-मृदंग वाजत होते. छापील पुस्तक गादीवर, वर हार, फुलं. आपला गोसावी अखेर गादीवर बसला म्हणून मी त्याला टाळी दिली. पुढे घाट दिसला. महंत कमरेइतक्या पाण्यात उभे, हातात लाल फडक्यात बांधलेलं काहीतरी. मला कळायच्या आत सदानंदाने डबा बाजूला सारला होता. महंतांनी बोचकं कपाळाला लावलं आणि पाण्यात सोडलं.

जीर्ण पोथी वापरातून गेली की तिचं नदीत विसर्जन करतात. हे सदानंदाला ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या आजोबांच्या पोथ्यांचं तसंच झालं होतं. त्याने तिथल्या तिथे फोन लावला. महंत खुशीत होते.

“तुम्ही लिहिल्याप्रमाणे सगळं विधिवत केलं, पोंक्षेसाहेब. पोथीला गती मिळाली.”

“महाराज, ती चिकटलेली पानं?”

“तीही त्यातच होती. पोथी अशी तोडून कशी ठेवायची?”

सदानंदाने त्यांना नमस्कार सांगितला आणि फोन ठेवला. भला माणूस तो, त्याला शिव्या तरी काय घालणार? मला मात्र कुणाला तरी घालायच्याच होत्या. मी मॅनेजरला घातल्या, रजेच्या कागदाला घातल्या, शेवटी स्वतःला घातल्या.

घरी कळलं तेव्हा अवनी, त्याची कॉलेजातली मुलगी, म्हणाली, “बाबा, यू डिडन्ट बॅक इट अप?” ती सहज बोलली. वहिनी उठून आत गेल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मला वाटत होतं, पण त्या घरात तोंडातून काढणं शक्य नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी जावं की नको अशा विचारात होतो, तर त्याचाच फोन आला, नेहमीच्या वेळेला ये. गेलो. टेबलावर सातव्या प्रहसनाच्या त्या एकुलत्या पानाचा फोटो. तो पेन्सिल घेऊन बसला होता, जणू ताडायला दुसरी प्रत समोर आहे.

“वाच,” तो म्हणाला.

मी वाचलं. म्हातारा गोसावी मरायला टेकलाय. शिष्य त्याच्या वस्तू वाटून घेतायत. कमंडलू एकाने घेतला, खडावा दुसऱ्याने, घोंगडीवरून जुंपली. लिहिलेल्या कागदांचं दप्तर कुणालाच नको. इतक्यात म्हातारा डोळे उघडतो आणि म्हणतो, ‘अरे गाढवांनो, अजोन मी’. तिथे पान संपलं. मी थांबलो. सदानंद पेन्सिल टेकवून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला. मला राहवेना, मी म्हणालो, माझं चुकलं, मी घाई केली नसती तर पोथी आज मठात असती. त्याने मान हलवली.

“तुझं काही नाही रे. सूचना माझी होती,” तो म्हणाला. “एकवीस वर्षं सूचना काढतोय, सतीश. तंतोतंत पाळलेली ही पहिलीच.”