अठ्ठावीस सेकंद

आमच्या ह्यांना मोजायची खोड आहे. दुकानात कुठली रांग लवकर सरकते, आपल्याला हवी तेव्हाच लिफ्ट वर का असते, कशाचीही नोंद ठेवतील आणि कॉम्प्युटरवर आलेख काढतील. "एवढं लक्ष माझ्या बोलण्याकडे दिलं असतं तर!" असं मी म्हणते. तेही त्यांनी मोजलंय. दिवसातून तीनदा म्हणते म्हणे.

नोकरी सिग्नल दुरुस्तीची. घरासमोरच्या सिग्नलच्या पेटीची चावीही ह्यांच्याकडेच असते. पायी जाणाऱ्यांसाठी तो अठ्ठावीस सेकंद हिरवा राहतो. रस्त्यापलीकडे वाचनालय आहे. तिथे माझ्या सासऱ्यांचा जोडीदार रोज दहा वाजता बुद्धिबळाचा पट मांडून बसतो. सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचा दिवस तेवढ्यासाठीच उजाडतो.

गेल्या वर्षी ह्यांनी खिडकीतून सहज घड्याळ लावलं. सासऱ्यांना रस्ता ओलांडायला बावीस सेकंद लागले. मग काय, रोजच मोजणं सुरू. महिन्याला अर्धा सेकंद वाढत होता. आलेखावरची रेघ अठ्ठाविसाला कधी टेकणार ते कळलं, त्या दिवशी हे भरल्या ताटावरून उठले.

हात धरायला गेले, तर सासरे खेकसले, "मी काय तान्हा आहे?"

मग चारशे माणसांच्या नोंदी घेऊन हे साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "वेळ वाढवली तर आडव्या रस्त्यावरची रांग पुलापर्यंत जाईल. त्यात दवाखान्याच्या गाड्या असतात." ह्यांनी घरी येऊन स्वतः हिशेब मांडला. साहेबांचंच खरं निघालं. मला तर तो कॉम्प्युटर उचलून चुलीत घालावासा वाटला.

काल सासरे रस्त्याच्या मधोमध अडकले. दिवा बदलला, बसवाल्याने कर्कश हॉर्न दिला. घरी आल्या आल्या काठी आपटून ह्यांना म्हणाले, "तुमच्या खात्यानं वेळ कापलीय! पूर्वी मी आरामात पोचायचो. घरात सिग्नलवाला आणि आमचीच ही गत. दिव्याखाली अंधार!"

अर्ध्या सेकंदावरून माझ्याशी वाद घालणारा हा माणूस खाली मान घालून म्हणाला, "हो बाबा, कापलीय. बघतो उद्या."

सासऱ्यांचा चेहरा केवढा खुलला!

आत्ता पावणेदहा वाजलेत. सासरे चपला घालून दाराशी उभे आहेत. "झाला का रे दुरुस्त?" असं दोनदा विचारून झालं. आमचे हे मघापासून पेटीची चावी शोधतायत. चावी त्यांच्या मुठीतच आहे.