हनानची न वाचता येणारी अक्षरं

हनान गेल्याची बातमी आधी माझ्या मुलीला कळली, मग मला. इरा जिन्यावरून खाली आली, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, हनान गेली." हनानच्या मुलाचा मेसेज होता... इराला. त्याही क्षणी मला आधी तेच दिसलं. काही आठवडे झाले, अजून बोचतं.

नॉटिंगहॅमच्या एका कम्युनिटी सेंटरमध्ये शनिवारी मी मराठी मुलांना देवनागरी शिकवायची आणि शेजारच्या खोलीत हनान अरबी. ती इराकमधल्या बसऱ्याची. तिथे उस्तादांसमोर बसून तिने अक्षरांचं जुनं शुद्ध वळण पक्कं केलं होतं, आणि इंग्लंडला आल्यावर तेच मोडायला घेतलं होतं. एकच अक्षर घ्यायची, नून, म्हणजे अरबी 'न'. वाडग्यासारखा आकार, वर एक ठिपका. कॅनव्हासभर तेच. वाडगं कलंडायचं, लांबायचं, ठिपका कुठल्या कुठे जायचा आणि शेवटी अक्षर उरायचंच नाही, नुसती काळ्या-निळ्या शाईची हालचाल उरायची. "अरबी येणाऱ्यालाही हे वाचता येत नाही," असं ती खुशीत सांगायची.

अक्षरचित्रं मीही करते. आम्ही दोघींनी मिळून प्रदर्शन भरवलं तेव्हा माझ्या चित्रांपाशी लोक थांबत, काय लिहिलंय विचारत. मी 'करुणा' म्हणून अर्थ सांगितला की मान डोलवून पुढे सरकत. हनानच्या चित्रासमोर कोणी काही विचारत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ तर खुर्ची ओढून बसलेच. परतताना बसमध्ये ती म्हणाली, "तू अर्थ फार लवकर सांगून टाकतेस." ती बरोबर बोलत होती, म्हणून जास्त लागलं.

मग इरा. लहानपणीच तिने माझा वर्ग सोडला होता, "होमवर्कसारखं वाटतं" म्हणून. तीच इरा ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, आर्ट घेतल्यावर दर रविवारी हनानच्या गॅरेजमधल्या स्टुडिओत जायला लागली. बाह्यांना शाई माखून यायची, जेवताना हनानबद्दलच बोलायची. एकदा मी म्हटलं, "तिची अक्षरं तुला वाचता तरी येतात का?"

"नाही ना, आई. म्हणून तर नीट बघता येतात."

मी ताटं उचलून सिंकमध्ये ठेवली. त्या दिवशी मला हनानचा इतका हेवा वाटला, की पुढचे दोन शनिवार मी तिच्याशी धड बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नसावं. की आलं होतं...

पुढे हनान आजारी पडली. आजार वाढल्यावर तिला हात खांद्याच्या वर उचलता येईना. एका दुपारी इरा आणि मी गेलो, तर कॅनव्हास तिने जमिनीवर अंथरायला लावला. मोडलेले नून खाली तरंगत होते, वरचा भाग कोरा. "तुमची ती वरची रेघ काढ इथे," ती मला म्हणाली. मी रुंद ब्रश घेतला आणि श्वास रोखून शिरोरेषा ओढली. इतकी चांगली रेघ मी क्वचितच काढली असेल. इरा म्हणाली, "आई, रेघ मस्त झाला." मी तिचं व्याकरण सुधारलं नाही.

हनानने बराच वेळ पाहिलं. "फार सरळ आहे," म्हणाली. मग तिने रेघेखाली, जरा डावीकडे, एक ठिपका ठेवला. बस्स. आणि माझी रेघ त्या ठिपक्याच्या भाराने वाकलीय असं वाटायला लागलं. चित्र तिथे पूर्ण झालं. मला रडू येत होतं, आणि रागही. एवढ्या आजारी बाईला हे सुचावं, आणि मला धडधाकट असून सुचू नये...

परवा इरा किचनच्या टेबलावर कागद पसरून बसली होती. बोरूचं टोक तिने अंगठ्याच्या नखावर दाबून पाहिलं, एक फराटा ओढला आणि डोळे मिटून ओल्या शाईवर बाजूने हळूच फुंकर घातली. हनान अशीच घालायची. मी चहाचा कप घेऊन दारात थांबले. मुलगी माझी, फुंकर तिची. ती शाई वाळेपर्यंत मी आत गेले नाही.