चादरीखालचा जनरेटर

मी सरकारी कचेरीत तेहेतीस वर्षं कारकुनी केली, त्यातली बरीचशी आवक-जावकच्या टेबलावर. तिथं माणूस एक गोष्ट पक्की शिकतो. ज्या कागदावर लाल शाईनं 'तातडीचे' असं लिहिलेलं असतं, त्याला काहीही घाई नसते. खरी घाई असलेला माणूस लाल शाई शोधत बसत नाही, टेबलासमोर उभा राहून आरडाओरडा करतो. जो ओरडत नाही, त्याचा कागद गठ्ठ्यात सगळ्यात खाली. ही विद्या निवृत्त होताना मी कचेरीतच ठेवून यायला हवी होती. मी ती घरी आणली.

आमचं गाव अलिबागहून काशीदकडे जाताना लागतं. घरामागे नारळ-सुपारीची छोटी वाडी, पुढे अरुंद रस्ता, रस्त्यापलीकडे शेजाऱ्यांचं घर. वारा जरा जोरात सुटला की कुठलीतरी झावळी तारेवर पडते आणि लाईट जाते. एका वादळात ती आठवडाभर गेली, तेव्हा मी चिडून फंडाच्या पैशातून जनरेटर आणला. पेट्रोलवर चालणारा, दोरी ओढून सुरू करायचा, दोघांनी उचलावा लागेल एवढा. दिवे, दोन पंखे, फ्रिज आणि मिक्सर आरामात चालेल, असं दुकानदारानं सांगितलं. मिक्सरचं नाव निघाल्यावर बायकोचा चेहरा खुलला. आमच्याकडे रोज ओल्या नारळाचं वाटण लागतं, आणि लाईट नसली की तिला मागच्या पडवीत पाट्यावर बसावं लागायचं. तिचा उजवा खांदा दुखत असे.

"आता पाट्यावर बसायला नको," ती म्हणाली.

"अजिबात नको," मी म्हणालो. दुकानदार साक्षीला होता.

घरी आणल्यावर पहिला प्रश्न पडला की हा ठेवायचा कुठं. बाहेर ठेवावा तर खारा वारा, महिनाभरात गंज धरेल. म्हणून तो दिवाणखान्यात, कपाटाशेजारी, फुलाफुलांच्या चादरीखाली विराजमान झाला. एकदा एका पाहुण्यानं त्यावर चहाचा कप ठेवला. मी त्याला कप उचलायला लावला आणि त्याचा चहा संपेपर्यंत त्याच्या हाताकडे बघत बसलो. तो पाहुणा पुन्हा आला नाही.

पंधरा दिवसांनी लाईट गेली. बायको मिक्सरचं भांडं घेऊनच आली. "लावता का?"

मी घड्याळात पाहिलं. "थांब जरा. येईल."

लाईट तीन तासांनी आली. पण आली, म्हणजे माझं म्हणणं बरोबरच निघालं. पुढच्या वेळी मी तिला तत्त्व सांगितलं की जनरेटर हा एमर्जन्सीसाठी असतो. "एमर्जन्सी म्हणजे नेमकं काय?" तिनं विचारलं. सगळ्यात वाईट म्हणजे मी ते समजावून सांगितलं. दिवसा लाईट गेली तर उजेड असतो, तेव्हा ती एमर्जन्सी नाही. संध्याकाळी गेली तर मेणबत्त्या आहेत. उकडत असेल तर ओट्यावर बसावं, समुद्राचा वारा फुकट आहे. शिवाय मिक्सरचा लोड फार येतो, मशीनला दणका बसतो. हे शेवटचं मी जागच्या जागी रचलं होतं. एकदा फ्रिजमधली सुरमई खराब होईल असं ती म्हणाली, तेव्हा मी सगळी सुरमई एका दिवसात संपवण्याचा तोडगा काढला. दुसऱ्या दिवशी मी अंथरुणाला खिळलो. तरीही ती एमर्जन्सी नव्हती, अपचन होतं.

आता कुणी म्हणेल, माणसानं जनरेटर कधी लावलाच नाही. तसं अजिबात नाही. महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवला नाही तर कार्बोरेटर जाम होतो, असं मेकॅनिकनं बजावलं होतं, आणि नियम म्हटला की मी तो पाळणारच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी तो अंगणात काढायचो, चोक ओढायचो, दोरीला हिसका द्यायचो. मशीन धडधडू लागलं की आळीतले चार लोक जमायचे आणि मी त्यांना माहिती द्यायचो. त्याला जोडलेलं काहीच नसे. घरात लाईट असायची, पंखे फिरत असायचे, बाहेर जनरेटर चालू. बायको दारात उभी राहून म्हणायची, "लाईट असते तेव्हा हा चालू, आणि लाईट गेली की चादर." लोक हसायचे. मीही हसायचो.

अशी दीड-दोन वर्षं गेली.

गेल्या मे महिन्यात वाऱ्यानं विजेचा खांबच आडवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको नारळ खवायला बसली होती. "आज तरी लावा," ती म्हणाली. "हात उठत नाही माझा." आवाज नेहमीचाच होता. मी म्हणालो, "संध्याकाळपर्यंत बघू." माझ्या मते हा होकारच होता, फक्त पुढच्या तारखेचा.

तेवढ्यात समोरचे शेजारी आले. पुष्कळ वर्षं आखातात काढून आता इथं किराणा दुकान चालवतात. बोलायला संकोचत होते. "भाईसाब, पोरीच्या सासरचे येतायत जेवायला. बारा मान्सं, आन घरात पंखा न्हाय. मशीन दोन तास भेटल का?"

त्यांचं वाक्य पुरतं संपूही न देता मी म्हणालो, "दोन तास कशाला? दिवसभर ठेवा. घरचाच आहे."

मागे खवणीचा आवाज थांबला. मला वाटलं, नारळ संपला असेल.

मग काय माझा थाट. चादर बाजूला केली, एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं ते असा जनरेटर उचलून त्यांच्या अंगणात नेला. धूर घरात जाऊ नये म्हणून किती लांब ठेवायचा ते पावलं टाकून दाखवलं. दोरी मीच ओढली. ते पेट्रोलचे पैसे देऊ लागले, मी त्यांचा हात धरून तो खिशाकडे परत वळवला. वर त्यांना सांगितलं, "बिनधास्त काय वाटेल ते लावा. मिक्सरसुद्धा चालतो."

शेजारधर्माचं पुण्य गाठीला बांधून मी घरी आलो. घरात पंखा बंद, उकाडा मरणाचा. बायको नव्हती आणि नारळाचं भांडंही नव्हतं. वर्तमानपत्रानं वारा घेत बसलो असताना समोरून मिक्सरचा आवाज आला. आधी जाडसर, मग थांबून, मग बारीक. एवढ्या वर्षांच्या संसारात तो हात मी ओळखणार नाही असं होईल का? ती आमचंच वाटण वाटत होती. मशीनला कसलाही दणका बसत नव्हता.

ती आत्ता येईल, मग येईल करत दोन वाजले. पोटात कावळे ओरडायला लागले तेव्हा मी उठून गेलो. पाहुणे जेवून नुकतेच निघाले होते. आतल्या खोलीत बायको आणि शेजारीणबाई पंख्याखाली खुर्च्या टाकून कोकमाचं सरबत पीत होत्या. बायकोच्या चेहऱ्यावर इतका आराम मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"बसा की," शेजारीणबाई म्हणाल्या. "बगा ना, वहिनी विचारत होत्या, मिक्सर लावू का म्हणून. मी म्हटलं, तुमचीच मशीन हाय, विचारता काय?"

विषय बदलावा म्हणून मी म्हणालो, "पाहुणे गेलेच आहेत, तर जनरेटर घरी नेतो."

"राहू द्या इथेच," बायको म्हणाली. "इथे तो चालू असतो."

ती रागावली नव्हती. ओरडली तर मुळीच नव्हती. शेजारीणबाई एकदम उठून नळ बंद आहे का ते बघायला गेल्या. तेहेतीस वर्षांत कुठल्याही साहेबानं मला इतका चोख शेरा दिला नव्हता. मला लाज वाटली, आणि ती कुठं ठेवावी ते कळेना.

तिनं भांडं माझ्या हातात दिलं. "वाटण झालंय. मासे धुवून ठेवलेत. लसणाची फोडणी तेवढी द्या, मी येतेच."

भांडं घेऊन मी घरी आलो आणि लसूण करपवला. कालवण झालं तपकिरी. ती आली, तिनं ते पाहिलं आणि ताटं घेतली. आम्ही जेवायला बसलो आणि तिनं डाव्या हातानं मला भात वाढला. सवयच ती, माझ्या तोंडून निघून गेलं, "डाव्या हातानं काय वाढतेस?"

"उजवा इतका वर येत नाही."

"कधीपासून?"

"झालं की वर्ष."

"मग रोज वाढत होतीस ती कशी?"

"डाव्यानं उजव्याला आधार देऊन," ती म्हणाली. "तुम्ही पेपर वाचत असता."

मी तिच्या हातातून भातवाढी घेतली. मला वाढायची सवय नाही. तिच्या ताटात भाताचा डोंगर झाला आणि थोडा खाली सांडला. तिनं सांडलेला डाव्या हातानं गोळा केला आणि म्हणाली, "आता कालवण वाढा. कडेनं वाढा, करपलेला लसूण मध्ये आहे."